सुई आपली, कात्री कोणाची?

पदवीचा निकाल हातात पडला की आपल्या घरांतून मुलीसाठी साधारण दोनच वाटा बोलल्या जातात. एक बीएड, दुसरी रिश्ता. तिसरी कुणी काढलीच तर ती शिवणाच्या क्लासची असते. सहा महिने क्लास, घरात एक मशीन, आणि ईदला, लग्नसराईला शेजारपाजारच्या बायकांचे सूट. यात कमीपणा काहीच नाही. सुईने कपडा शिवण्याची सुरुवात हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी केली असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. इतक्या जुन्या हुनराला हलके लेखण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की ही वाट क्लासपाशी संपत नाही. बायकांच्या कपड्यांच्या डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येते, ते सरकारी संस्थेत घेता येते, आणि आमच्या कोपरीच्या मुलीला त्यासाठी गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.

आधी आपल्या आसपास काय चालते ते पाहू. ठाणे सोडून पुढे निघालो की कपड्याचाच मुलूख लागतो. भिवंडीत माग, उल्हासनगरात जीन्स आणि तयार कपडे, मुंब्रा-कौशाला घराघरांत लेस लावणे, टिकली भरणे, काज-बटण करणे. काम नगावर मिळते, पैसेही नगावर. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका आहेत आणि त्यांत आपल्या पुष्कळ आहेत. पण कारखान्यात कापडाच्या थप्पीवर खडूने आखून कात्री चालवणारा जो असतो, ज्याला सगळे 'मास्टर' म्हणतात, तो बहुधा पुरुषच. अंग बाईचे, घालणारी बाई, शिवणारी बाई. पण मुंढा किती खोल, गळा किती मोठा, बाही कोपराच्या वर की खाली, हे ठरवणारा कोणी दुसराच. सुई आपल्या हातात आली, कात्री आली नाही. आणि पैसा कात्रीपाशी आहे, सुईपाशी नाही, हे ज्या घरात पीसवर काम चालते त्या घराला वेगळे सांगायला नको.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात याची दोन्ही टोके सापडतात. मुसलमान बायका घरबसल्या करायच्या कामात किती मोठ्या प्रमाणात अडकल्या आहेत हे त्यात आहे. आणि देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक, तर पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांमागे एकच मुसलमान आढळला, हेही त्यातच आहे. पदवीला जेवढा वाटा दिसतो, पुढच्या पायरीवर तो निम्माच उरतो. शाळेत शिकवताना आम्हाला हा आकडा रोज दिसतो, फक्त त्याला नाव-गाव असते.

आता 'डिझाइन' म्हणजे नेमके काय शिकतात? घरात हा शब्द निघाला की डोळ्यांसमोर रॅम्पवर चालणाऱ्या मुली येतात आणि बोलणे तिथेच थांबते. म्हणून एका साध्या टक्सवरून सांगतो. कापड सपाट असते, अंग सपाट नसते. छातीपाशी कापड ताणले की कमरेपाशी ते जास्त होते, आणि ते जास्तीचे कापड आपण टक्स घालून दाबतो. क्लासमध्ये शिकवतात की कमरेपासून इतक्या इंचांवर टक्स घाला. डिझाइनच्या शिक्षणात शिकवतात की तो टक्स खांद्यात नेता येतो, मुंढ्यात नेता येतो, बगलेखालच्या शिलाईत नेता येतो, दोन टक्स जोडून त्यांची सरळ एक शिलाई करता येते, आणि तरी कपडा अंगाला तसाच बसतो. एकीला सूत्र पाठ असते, दुसरीला सूत्रामागचे गणित कळलेले असते. गणित कळले की सूत्रात न बसणाऱ्या अंगासाठीही कापता येते: पाठीत बाक आलेल्या नानीसाठी, सातवा महिना लागलेल्या सुनेसाठी, तान्हे बाळ अंगावर पिणाऱ्या आईसाठी.

दुसरा भाग ड्रेपिंगचा. कागदावर न आखता कापड थेट अंगाच्या मापाच्या फॉर्मवर टाचण्यांनी लावत जायचे आणि आकार काढायचा. पहिला नमुना भारी कापडात करत नाहीत, स्वस्तातल्या मांजरपाटात करतात. गंमत अशी की अमेरिकेत या कच्च्या नमुन्यालाच मसलिन म्हणतात, म्हणजे आपली मलमल. आणि मसलिन हा शब्द इराकातल्या मोसुल शहरावरून आला असे मानतात. आपल्या शहराचे नाव जगभरच्या शिवणखोल्यांत रोज घेतले जाते आणि आपल्याच मुलींना ते ठाऊक नसते.

तिसरा भाग मापांचा. तयार कुर्ती घेतली की खांदा बरोबर आणि बाही लांब, किंवा कंबर बरोबर आणि छाती तंग, हा अनुभव प्रत्येकीला आहे. दोष अंगाचा नसतो. आपल्याकडच्या तयार कपड्यांच्या मापांचे तक्ते बरेचसे परदेशी मापांवरून आले. ही अडचण ओळखून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने निफ्टने देशातल्या सहा शहरांत सुमारे २५,००० लोकांची मापे यंत्राने घेण्याचा इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला. अशा कामात ज्या बसतात त्या शिवणाऱ्या नव्हेत, अभ्यास केलेल्या.

निफ्ट म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी. १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. पुढे २००६ मध्ये संसदेने तिच्यासाठी कायदा केला आणि तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तिचे मुंबई केंद्र १९९५ चे, आणि ते मुंबईत नाही, खारघरला आहे. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, म्हणजे आमच्या कोपरीच्या बाजूला, ट्रान्स-हार्बरचे फलाट आहेत. तिथून पनवेल गाडीत बसले की ऐरोली, तुर्भे, नेरूळ करत पाऊण तासाच्या आसपास खारघर. गाडी बदलायची नाही, दादरची गर्दी नाही. कल्याण-डोंबिवली किंवा मुंब्र्याहून येणाऱ्या मुलीला ठाण्यात तेवढी एक गाडी बदलावी लागेल. होस्टेल नको, मुलगी रात्री घरी हवी, असे म्हणणाऱ्या वडिलांसाठी हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आम्ही भेटेल त्या आईला सांगतो. निफ्टच्या मास्टर ऑफ डिझाइनला, म्हणजे एमडेसला, कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए उर्दू चालते, बीकॉम चालते, बीएस्सी चालते. फॅशन मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही तसेच. अभियांत्रिकीची किंवा निफ्टचीच तंत्रज्ञानाची पदवी लागते ती फॅशन टेक्नॉलॉजीला. पदव्युत्तर प्रवेशाला वयाची अट नाही. निकाह झालेली, दोन मुले शाळेत जाऊ लागलेली, तिशी ओलांडलेली बाईसुद्धा अर्ज भरू शकते. बारावीनंतरची संधी हुकली म्हणून दार बंद झाले, हा समज आपल्याकडे फार खोल बसला आहे. तो चुकीचा आहे.

नावावर मात्र जाऊ नये. निफ्टचा एमडेस केवळ बायकांच्या कपड्यांचा नाही, तो एकूण डिझाइनच्या विचाराचा आहे; त्यात आपला विषय आपण निवडायचा असतो. लंडन कॉलेज ऑफ फॅशनसारख्या ठिकाणी 'विमेन्सवेअर' या नावानेच वेगळी एमए असते, तशी विभागणी आपल्याकडच्या सरकारी संस्थांत नाही. ज्या मुलीला पॅटर्न आणि कापणीच हवी आहे तिने अहमदाबादच्या एनआयडीचा पोशाख डिझाइनचा एमडेस पाहावा. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा तो विभाग गांधीनगरला आहे. तिथल्या पात्रतेच्या अटी वेगळ्या आहेत, त्या माहितीपुस्तिकेत नीट वाचाव्यात. मुलींसाठीच असलेले विद्यापीठ हवे असेल तर एसएनडीटी आहेच. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या या विद्यापीठाच्या जुहू आवारात गृहविज्ञानाच्या अंगाने वस्त्र आणि पोशाखाचा एमएस्सी होतो. चर्चगेटजवळच्या निर्मला निकेतनमध्येही होतो. इथे मागची पदवी कोणत्या शाखेची लागते ते आधी विचारावे, आणि रोज दोन-तीन गाड्या बदलण्याचा हिशेबही धरावा. अनिता डोंगरे या आज देशभर नाव असलेल्या डिझाइनर एसएनडीटीच्याच विद्यार्थिनी. खाजगी संस्थांच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीवर पुष्कळ असतात. त्यांच्याबद्दल एकच विचारणा करावी: पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर चहा पिऊन उठावे.

निफ्टच्या प्रवेश परीक्षेत सामान्य क्षमतेचा एक पेपर असतो, सर्जनशीलतेचा एक, आणि मग मुलाखत. पेपर मराठीत किंवा उर्दूत नसतो. आमच्या उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुली इथे बिचकतात. पण सामान्य क्षमतेच्या पेपरातले गणित आणि तर्क बँकेच्या परीक्षेच्या धर्तीचे असते, आणि त्या परीक्षेची पुस्तके तर आपल्या घरात भावाने आणून ठेवलेली असतातच. 'मला चित्र काढता येत नाही' ही दुसरी भीती. ज्या मुलीने दहा वर्षे हातावर मेंदी काढली आहे तिने हे म्हणू नये. जागा कशी भरायची, कुठे रिकामी सोडायची, नक्षी मनगटाशी कशी वळवायची, हे तिला कुणी शिकवल्याशिवाय येते.

आता घरच्या हरकती. त्या खऱ्या आहेत आणि त्यांना हसून उडवणे आम्हाला पटत नाही.

पहिली, माणसांची चित्रे आणि पुतळे. काही घरांत सजीवांची चित्रे काढण्याबद्दल संकोच असतो. आम्ही मुफ्ती नव्हे. ज्याला शंका आहे त्याने आपल्या आलिमांना विचारावे. विचारताना काम काय आहे तेही नीट सांगावे. ड्रेपिंगचा फॉर्म मुंडक्याचा नसतो, तो गळ्यापासून खाली असतो. कारखान्याला जे रेखाटन लागते ते कपड्याचे सपाट चित्र असते, जणू कुर्ता पलंगावर पसरून ठेवला आहे. त्यात चेहरा तर सोडाच, अंगही नसते. फॅशनची उंच, सडपातळ मानवाकृतीही शिकवली जाते हे खरे, पण तेवढाच विषय नाही.

दुसरी, उघडे कपडे. यावर आमचे मत वेगळे आहे. अंग झाकणारा कपडा चांगला करणे हे उघडा कपडा करण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते फारसे कुणी मन लावून केलेले नाही. अबायाच पाहा. आखाताच्या वातानुकूलित खोल्यांसाठी निघालेला नमुना आपण ठाणे स्टेशनच्या जिन्यावर, जुलैच्या पावसात घालतो. घेर चिखलात भिजतो, सरकत्या जिन्यात अडकण्याची धास्ती असते, खिसा नसल्याने पास आणि मोबाइल हातात धरावा लागतो, आणि नीदाचे काळे कापड मे महिन्यात घामाने पाठीला चिकटते. मागच्या सीटवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसणारीचा घेर चाकाकडे जातो, तो धोका वेगळाच. ही प्रत्येक अडचण डिझाइनची आहे. घेर कमी न वाटता पाऊल मोकळे कसे ठेवायचे? जुन्या कळीदार कुर्त्यात बगलेखाली जो चौबगला असायचा, तो परत आणला तर हात वर करून लोकलचा दांडा धरताना बाही मनगटावरून सरकणार नाही का? दोन वर्षांच्या एमडेसला एवढा विषय पुरून उरेल.

बाहेरच्या जगात हा विचार सुरूही झाला. ऑस्ट्रेलियात अहेदा झानेट्टी यांनी भाचीला हिजाब सांभाळत नेटबॉल खेळताना पाहिले आणि त्यातून खेळाचे व पोहण्याचे झाकलेले पोशाख तयार केले. बुर्किनी हे नाव तेव्हा जगाला कळले. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयाने मुस्लिम पोशाखाचे मोठे प्रदर्शन भरवले. लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये रैना लुईस या प्राध्यापिकेने याच विषयाच्या अभ्यासात वर्षे घातली आहेत. आपल्या कपड्यांवर दुसरे लोक ग्रंथ लिहितात आणि आपली मुलगी लेस लावते.

खरे तर हा विषय आपल्याकडचाच आहे. खाफी खान या इतिहासकाराने नूरजहानबद्दल लिहिताना तिने काढलेल्या कापडांची, पोशाखांची नोंद केली आहे. त्यात 'नूरमहली' नावाचा लग्नाचा जोडा आहे, अवघ्या २५ रुपयांत होणारा, म्हणजे गरिबाच्या मुलीलाही परवडावा असा. हिंदुस्थानची मलिका स्वस्तातल्या शादीच्या जोड्याचा विचार करते, आणि आज आपल्या लग्नांतला लेहंगा एका रात्रीसाठी कर्ज काढून घेतला जातो. कमी खर्चाचा, नंतर मोकळा करून रोज वापरता येईल असा निकाहचा जोडा कुणी तरी अभ्यास करून काढायला हवा.

कापडातही असेच आहे. मशरू हे कापड वरून रेशमी आणि आतून, अंगाच्या बाजूने, सुती असते. रेशीम अंगाला लागू नये ही पुरुषांसाठीची मर्यादा सांभाळून रेशमाची शोभा राखायची, म्हणून विणकरांनी काढलेली ही युक्ती; नावच मुळी 'शरियतला मंजूर' या अर्थाचे. औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, हिमरू त्याच घराण्यातली. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून किनखाबासारखी नक्षी उठवायची. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कारागीरही आले असे तिथे सांगतात. आता हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि दुकानांत हिमरूच्या नावाखाली यंत्राची शालही मिळते. एखाद्या मराठवाड्याच्या सुनेने हा विषय घेतला तर विणकरांशी दख्खनीत बोलून, उर्दूतली जुनी टिपणे वाचून, मराठीत प्रबंधाची टाचणे काढणे तिला जमेल. इंग्रजी शाळेतल्या मुलीकडे हे भांडवल नसते.

भानू अथैय्यांचे नाव इथे घ्यायला हवे. कोल्हापूरची मराठी मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली, आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्करची मानकरी झाली. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय. ती शिकत होती तेव्हा देशात निफ्ट नव्हती. चित्रकलेच्या वाटेने तिला इथे यावे लागले. आजच्या मुलीला सरळ रस्ता आहे.

तिसरी हरकत रिश्त्याची, आणि तीच सगळ्यांत जड. 'टीचर, दोन वर्षं थांबलो तर वय जाईल' हे वाक्य आम्ही इतक्या अम्मींकडून ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की बीए झाल्यावर रिश्ता येईपर्यंत मुलगी घरात किती वर्षे बसली होती? बऱ्याच घरांत उत्तर दोन-तीन वर्षे असेच येते. आणि रिश्ता ठरलाच, तर शिक्षण पुरे करू देण्याची शर्त निकाहनाम्यात लिहून घ्यायची सोय आहे. तिचे बंधन किती, हे आपापल्या मसलकच्या आलिमांकडून समजून घ्यावे. पण नुसते तोंडी 'शिकवू हो' आणि सह्या करून लिहिलेली शर्त यांत फरक पडतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथी, पैसा. निफ्टची फी स्वस्त नाही. दोन वर्षांचा हिशेब लाखांत जातो. कुटुंबाचे उत्पन्न कमी असेल तर फीत सवलत देण्याची संस्थेची स्वतःची योजना आहे, तिची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करावी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. आपला अभ्यासक्रम आणि संस्था त्या यादीत आहे का ते आधी पाहावे आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा, कारण अर्ज अडतो तो बहुतेक याच दाखल्यावर. केंद्राची संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या आशेवर कुणी बसू नये. शैक्षणिक कर्ज राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडूनही मिळते. व्याजाचा प्रश्न ज्यांना बोचतो त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. पण मग जमातीच्या, बिरादरीच्या ज्या संस्था रमजानमध्ये जकात गोळा करतात, त्यांनी यादीत शिलाई मशीन वाटपाच्या बरोबरीने एका गरजू मुलीची फीसुद्धा धरावी, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. दर वर्षी वीस मशिनी वाटून वीस जणी त्याच नगाच्या दरावर बसतात, आणि मशिनी वाढल्या की दर उतरतो.

शेवटी मुलाखतीचे. तिथे आपले काम दाखवावे लागते आणि आमच्या मुली म्हणतात, आमच्याकडे दाखवायला काय आहे? घरातली पेटी उघडावी. खालांचा जुना गरारा, दादीचा कळीदार कुर्ता, एखादी विरलेली जरीची ओढणी. कपडा उलटा करून आतली शिलाई पाहावी, कळी कुठे जोडली, उरेब पट्टी कुठे लावली, कापड वाया न घालवता कसे कापले ते वहीत मापांसह आखावे. दादी हयात असतील तर त्यांना विचारून लिहावे. मग त्यातली एखादी गोष्ट घेऊन मांजरपाटात स्वतःचा नमुना शिवावा, बिघडला तर बिघडलेल्याचाही फोटो ठेवावा आणि का बिघडला ते खाली लिहावे. अशी पन्नास पाने भरायला चार-पाच महिने लागतात. अर्ज हिवाळ्यात निघतात, परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होतात. म्हणजे ज्या घरात यंदा पदवीचे शेवटचे वर्ष आहे, तिथे ही वही पावसाळ्यातच सुरू व्हायला हवी.